चहाच्या पेटीतला बाटली मसाला

जोकिम तुस्कानोला येत्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होणार होती, आणि दुबई मरीनातल्या त्याच्या कंपनीत साठीचा नियम अगदी सोपा होता. साहेबाने सही केली तर आणखी दोन वर्षं. नाही केली तर केक, टाळ्या आणि विमानाचं तिकीट. नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की शारजातलं अल नहदाचं घर जाणार, आणि अकरावीतल्या मुलीला, जेनिसला, बारावीसाठी गावी वसईला नेऊन टाकावं लागणार. जेनिस वसईला दरवर्षी आठ दिवस जायची, त्यातले सहा वायफाय शोधण्यात जायचे.

साहेब म्हणजे मिस्टर ब्रॅडवेल. स्वभाव लोण्यासारखा. म्हणजे हातातून सटकणारा. जोकिमने बावीस वर्षं त्याचं ऑफिस सांभाळलं, पार्किंग सांभाळलं, कुत्र्याची इंजेक्शनं सांभाळली. पण सहीचं नाव काढलं की साहेब खिडकीतून बोटी बघत म्हणायचा, "लेट्स सी, जोकिम."

साहेबाचा जीव माणसांत नव्हताच. तो अडकला होता चहाच्या लाकडी पेट्यांत. अडीचशे वर्षांपूर्वी विलायतेत चहा म्हणजे दागिन्यासारखा कुलपात ठेवायची चीज होती, आणि त्यासाठी कारागीर एकेक पेटी जीव ओतून घडवायचे. साहेबाच्या केबिनमध्ये अशा सात होत्या. सगळ्यांत लाडकी महोगनीची. झाकणावर फिक्या लाकडाचा शिंपला जडवलेला, कडांना सुतासारखी बारीक पांढरी पट्टी, आत दोन कप्पे, एक हिरव्या चहाचा, एक काळ्याचा. कप्प्यांना आतून शिसं-कथलाचा कागदासारखा पातळ पत्रा. साहेब पांढरे हातमोजे घालून झाकण उचलायचा आणि हळू आवाजात सांगायचा, "हे लाकूड अजून श्वास घेतं, जोकिम."

"येस सर," जोकिम म्हणायचा. आपणही घेतो, हे काही तो सांगायचा नाही.

तर नेमकं ह्या पेटीचं कुलूप अडकलं, आणि सोमवारी लंडनहून जुन्या वस्तूंचा कुणी मोठा तज्ज्ञ ती विकत घ्यायला येणार होता. साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. जोकिमला वाटलं, देवानेच दार उघडलं.

"माझा माणूस आहे सर शारजात. मंडेला रेडी."

माणूस म्हणजे रत्नागिरीचा लियाकत, कुलूपवाला. त्याने पेटी उलटीपालटी करून बघितली. "हबीबी, हे म्हातारं कुलूप कशाला ठेवतोस? चायनाचं बसवतो, बोट लावलं की उघडतं."

"लाकडाला हात लावशील तर तुझंच बोट कापीन, लियाकत!"

"बरं बाबा. नवरीसारखी सांभाळतो." आणि खरंच, शनिवारी संध्याकाळपर्यंत कुलूप खटकन उघडायला लागलं.

घरी त्याच्या बायकोने, लिलीने, पेटी डायनिंग टेबलावर बघितली. "केवढ्याची?"

"चाळीस हजार दिरहॅम."

"म्हणजे साडेनऊ लाख रुपये? डब्याला? आणि आत?"

"आत काही नाही."

लिली गप्प झाली. ती गप्प झाली की जोकिमने सावध व्हायला हवं होतं, पण तो चर्चला जायचं म्हणून आंघोळीला गेला.

आता वसईत कुणाचा डबा घरी आला तर तो रिकामा परत करत नाहीत. शेजारणीची वाटी असली तरी तिच्यात चिमूटभर साखर तरी घालून धाडतात. आणि हा डबा साडेनऊ लाखांचा, तोही सही करणाऱ्या साहेबाचा! लिलीने एका कप्प्यात नुकताच आईकडून आलेला बाटली मसाला भरला, वसईच्या ख्रिस्ती घरांत वर्षभरासाठी बाटल्यांत ठासून ठेवतात तो लाल, तिखट मसाला. दुसरा कप्पा मोकळा दिसायला नको म्हणून त्यातही भरला. नीट बसावा म्हणून चमच्याने दाबला.

सोमवारी सकाळी साहेब यायच्या आधी जोकिमने केबिनमध्ये पेटी उघडली आणि त्याला धडाधड पाच शिंका आल्या. सहाव्या शिंकेबरोबर अर्धा चमचा मसाला शिंपल्यावर सांडला.

त्याने लिलीला फोन लावला. "काय केलंस तू हे?"

"आवडला का साहेबांना?"

"लिली, त्याच्यात चहा ठेवतात!"

"मग ठेवू दे की. मसाला संपल्यावर ठेवेल."

जोकिमने फोन ठेवला आणि पॅन्ट्रीतून व्हॅक्युम क्लीनर ओढत आणला. मसाला सरसर गेला. पाठोपाठ फर्रर्र असा आवाज आला आणि काळ्या चहाच्या कप्प्यातला शिसं-कथलाचा पत्रा फाटून अर्धाअधिक पाइपात दिसेनासा झाला. अडीचशे वर्षं टिकलेला पत्रा, पॅन्ट्रीतल्या मशीनने एका घोटात गिळला. कोपऱ्यात लाल भुकटी तशीच, आणि वास तर असा की केबिनमध्ये कुणी बदक शिजवतंय. तेवढ्यात लिफ्ट वाजली.

तज्ज्ञ उंच, बारीक, आणि नाक असं की जणू मापाने करून घेतलेलं. त्याने हातमोजे चढवले, पेटी उघडली, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. जोकिम दाराशी कॉफीचा ट्रे धरून उभा होता.

"लवंग," तज्ज्ञ पुटपुटला. "दालचिनी. मिरची." त्याने कोपऱ्यातली भुकटी बोटावर घेतली. "ब्रॅडवेल, तुला कळतंय का? ही पेटी हिंदुस्थानात जाऊन आलीय! कुणा कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याच्या मडमेने हिच्यात मसाले ठेवले असणार. आणि हा फाटलेला पत्रा बघ. जहाजावरची दमट हवा! असा पुरावा मी आयुष्यात बघितला नाही."

त्याने किंमत तिथल्या तिथे दुप्पट केली.

ब्रॅडवेलने हसत पेटीवर वाकून वास घेतला. आणि त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. दर ख्रिसमसला लिली त्याच्या घरी ह्याच मसाल्यातलं बदकाचं मोइल, म्हणजे दाट रस्सा, पाठवायची, आणि दर ख्रिसमसला तो ते पातेलं पावाने पुसून खायचा. साहेबाने सावकाश मान वळवून जोकिमकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा नीट, डोळ्यांत डोळे घालून बघितलं.

"अद्भुत," तो तज्ज्ञाला म्हणाला. "मला कायम शंका होतीच, हिंदुस्थानची."

तज्ज्ञ पेटी कापसात गुंडाळून घेऊन गेला. मग साहेबाने केबिनचं दार लावलं आणि म्हणाला, "बस, जोकिम." त्या खुर्चीवर जोकिम आजवर कधी बसला नव्हता.

"सर, मी सगळं सांगतो. माझ्या मिसेसने..."

"लिली छान स्वयंपाक करते," साहेब घाईने म्हणाला. "ह्यापेक्षा जास्त मला काही ऐकायचं नाही. तुलाही काही आठवत नाही. बरोबर?"

जोकिमला तोंड उघडून म्हणता आलं असतं की सर, तो माणूस फसलाय. त्याने जेनिसचा विचार केला आणि मान हलवली. साहेबाने खण उघडला, फॉर्म काढला, न वाचता सही ठोकली. फॉर्म त्या खणात दोन महिने पडून होता.

"खलास," साहेब म्हणाला. "दोन वर्षं."

घरी आल्यावर जोकिमने फॉर्म टेबलावर ठेवला. लिलीने छातीवर क्रुसाची खूण केली, मग नवऱ्याचे गाल धरले. "बघितलंस? मी म्हणत होते, साहेब देवमाणूस! कळतं रे त्यांना, कोण किती राबतो ते. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिसा सांगते."

"सांग," जोकिम म्हणाला.

"फादर नाव मोठ्याने वाचतील. तू पहिल्या बाकावर बस."

"बसतो."

जेनिसने कानातला इअरफोन काढला. "ट्वेंटी-टू इयर्स, डॅडी! यू टोटली अर्न्ड इट. काय लिहिलंय सरांनी तुझ्याबद्दल?"

फॉर्ममध्ये साहेबाचा अभिप्राय लिहायला चार ओळींची जागा होती. ती कोरी होती. जोकिमने फॉर्मची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"जेव आधी," तो म्हणाला. "गार होतंय."