भिंतीवरचा नंबर

हो नावाच्या गावातल्या त्या चाळवजा घरात सहा बिऱ्हाडं आणि विजेचं मीटर एकच. दर शनिवारी एन्योनाम दारोदार जाऊन विजेचे पैसे गोळा करी आणि महिनाअखेरीला बिल भरी. घर तिच्या मेलेल्या नवऱ्याचं, पण मालकिणीचा तोरा तिला नव्हता. सगळे तिला दावी म्हणत, म्हणजे थोरली बहीण. एका पैशाचा हिशेब कधी चुकला नाही, हीच काय ती तिची श्रीमंती.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, पैसे गोळा करून ती परतली तोच फोन वाजला.

"एन्योनाम बाई का? घर नंबर बी बावन्न, आग्बेको यांचं? वीज कंपनीतून बोलतोय. तीन महिन्यांची बाकी आहे. गाडी निघालीय, अर्ध्या तासात तार कापतील."

"कसली बाकी? मी दर महिन्याला भरते, बाबा!"

"यंत्रात दिसत नाही. आत्ता पाठवा, सोमवारी कचेरीत परत घ्या. फोन मात्र ठेवू नका."

नवऱ्याचं नाव, घराचा नंबर, वर मीटरचे आकडेही त्याने घडाघडा म्हटले. कंपनीखेरीज हे कुणाला ठाऊक असणार? पलीकडच्या खोलीत मासळी विकणाऱ्या जीफाच्या बर्फाच्या पेटीत आठवडाभराची मासळी गोठवलेली. वीज गेली तर ती नासणार आणि बोल आपल्याला लागणार. फोन कानाला लावूनच, गोळा केलेले पैसे घेऊन एन्योनाम नाक्यावरच्या छत्रीखाली पोचली. तिथली मुलगी रोख घेऊन फोनवरून पैसे पाठवून देई.

"दावी, हा नंबर कंपनीचा नाही. कुणा माणसाचं नाव येतंय."

"साहेबांचं आहे ते," फोनमधून आवाज आला. "दहा मिनिटं उरलीत."

"पाठव गं," एन्योनाम म्हणाली.

पैसे गेले आणि फोनही बंद झाला. गाडी आली नाही. तार कुणी कापली नाही. वीज आपली चालूच.

संध्याकाळी तिने सगळ्यांना अंगणात बोलावून काही न लपवता सांगितलं. शिंपी सेलोर्म हसला. "तार शाबूत, मासळी शाबूत, पैसे तेवढे उडाले. चोर नेमका आहे हो, दावी!"

"गप्प राहा, एफो," जीफा त्याला म्हणाली; एफो म्हणजे थोरला भाऊ. ती बाहेरच्या भिंतीकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे बघा! त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती."

भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं: हे घर विकाऊ नाही. खाली आग्बेको नाव, घराचा नंबर, एन्योनामचा फोन, आणि बाजूलाच मीटर. पुतण्याने घर परस्पर विकायला काढलं तेव्हा तिनेच रंगवून घेतलं होतं. एका चोरासाठी लावलेली कडी दुसऱ्याने उघडली.

सोमवारी कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, बाकी काहीच नाही. फक्त या महिन्याचं बिल आहे. आणि आम्ही फोनवरून कुणाच्या नावावर पैसे मागत नाही. तार कापायची तर आधी कागद येतो."

एन्योनामने पेटी उघडली. स्वतःच्या मयताला म्हणून जपलेली तीन भारी कापडं बाजारात विकून बिल भरलं आणि पावती दाराला चिकटवली. आता तरी तोंडं बंद होतील, असं तिला वाटलं.

पावती वाचून सेलोर्म हळूच म्हणाला, पण तिला ऐकू जाईल इतक्याच हळू, "बघा. म्हणजे पैसे होतेच की तिच्यापाशी."

कापडांचं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

पुढच्या शनिवारी दारावर थाप पडली. जीफा उभी होती, मान खाली. "दावी, सगळ्यांनी ठरवलंय, आता मी गोळा करायचं. तुमचा वाटा?"

एन्योनामने नोटा दिल्या. "पोरी, फोनवर कुणी घाई केली तर फोन ठेव. कचेरीत जाऊन विचार. अर्धा तास थांबल्याने आजवर कुणाची तार तुटली नाही."

"हो, दावी."

आणि तिच्यासमोरच उभी राहून जीफाने त्या नोटा दोनदा मोजल्या.