सगळं छान आहे, धन्यवाद

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे. चार चाकं, पाइनच्या फळ्यांचं खोकं आणि पुढे ओढायला एक लांब दांडा, एवढाच माझा पसारा. माझ्या दोन्ही बाजूंना लाल खार रंगवलेली आहे. तिच्या शेपटीचा रंग आता उडाला आहे, त्यामुळे लहान मुलं तिला उंदीर म्हणतात. त्याचा मला राग येत नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ती मी सांगणारच आहे, पण आधी मी कुठली आणि कोणाची ते ऐका, नाहीतर म्हणाल, ही म्हातारी उगाच करवादते.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हारेवांग नावाची एक जत्रेसारखी बाग आहे. झाडांच्या शेंड्यांमधून धडधडत जाणारा लाकडी रोलर कोस्टर, तळ्यातल्या हंसाच्या होड्या, बाहुल्यांचं नाटकघर आणि मागच्या बाजूला पाहुण्यांना राहायला गवताच्या छपरांची बुटकी घरं. ही बाग थोर्किल नावाच्या माणसाने उभी केली. मोटारी फाटकाबाहेरच थांबतील, हा त्याचा नियम. "सुट्टीत पेट्रोलचा वास कशाला?" असं तो म्हणायचा. मग सामान घरापर्यंत न्यायचं कसं? म्हणून एका हिवाळ्यात तो आणि त्याचा मेहुणा शेडमध्ये बसले आणि त्यांनी आम्हा हातगाड्यांना जन्म दिला. कोणावर कोल्हा रंगवला, कोणावर घुबड, कोणावर ससा. माझ्या वाट्याला खार आली.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. फाटकात मुलं आमच्यावरून भांडायची. एकदा एखाद्या कुटुंबाने मला ओढत नेलं की आठवडाभर मी त्यांची. सकाळी बेकरीतून गरम पाव आणायचे, दुपारी तळ्यावरून ओले टॉवेल आणि पावसात भिजलेले रेनकोट आणायचे, आणि संध्याकाळी दमून झोपलेलं मूल घरी न्यायचं. झोपलेलं मूल किती जड असतं ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण ते मूल तुम्हीच असता. पण ते ओझं मी आनंदाने वाहिलं. थोर्किल रोज सकाळी येऊन माझ्या चाकांतली हवा अंगठ्याने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "शाबास, खारूताई."

आणि एक गोष्ट सांगते. गाडीला कान नसतात असं लोक समजतात. त्यामुळे माझा दांडा हातात घेतला की ते मनातलं सगळं बोलून मोकळे होतात.

थोर्किल म्हातारा झाला आणि त्याने बाग कोपनहेगनच्या एका कंपनीला विकली. कंपनीने येप्पे नावाचा तरुण व्यवस्थापक पाठवला. आता तुम्हाला वाटेल, हा येप्पेच आपल्या गोष्टीतला दुष्ट माणूस. तसं नाही. वाटेत कागद पडलेला दिसला तर तो स्वतः वाकून उचलतो. पाहुण्यांना काय वाटतं हे कळावं, म्हणून आल्या आल्या त्याने फाटकाजवळ एक खांब बसवला. त्या खांबावर बटणं आहेत. हिरव्या बटणावर हसरा चेहरा, लाल बटणावर रडका, आणि मध्ये दोन अर्धेमुर्धे. जाताना ज्याने त्याने आपल्या मनातलं बटण दाबायचं. किती सोपं!

पण माझ्या पाहुण्यांनी काय केलं ते ऐका. घरापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर ते कुरकुरत यायचे. "गादी आहे की बटाट्याचं पोतं?" "तासभर रांगेत उभे राहिलो, आणि जादा पैसे भरणारे बाजूच्या दाराने पुढे!" "तळ्याला वास येतोय." खांबापाशी पोचले की चेहरा सरळ करायचे आणि हिरवं बटण दाबायचे. येप्पे दारात उभा राहून विचारायचा, "सगळं ठीक?" आणि एकजात सगळे म्हणायचे, "सगळं छान आहे, धन्यवाद."

आमच्याकडे ही रीतच आहे. कोणी विचारलं तर तोंडावर वाईट बोलायचं नाही. पाठीमागे हवं तेवढं बोलायचं. मित्रांनो, माझ्या फळ्या रागाने तडकायच्या बाकी राहायच्या!

आता रागनहिल्ड आजींबद्दल सांगते. त्या ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा मुलगा आस्गर लहानपणी माझ्यात झोपून घरी गेलेला आहे, आणि आता तोच आपल्या लेकीला, लिवला, माझ्यात घालून ओढतो. आस्गरची बायको सिसेल. हे चौघं दर उन्हाळ्यात एका आठवड्यासाठी येतात, त्याच घरात राहतात, आणि निघताना फाटकाजवळच्या नोंदणीच्या खिडकीशी थांबून पुढच्या वर्षासाठी तेच घर राखून ठेवतात. एरवी आजी एकट्या राहतात. मुलगा, सून आणि नात एका छपराखाली असावीत असा त्यांच्या वर्षातला हा एवढाच आठवडा.

यंदा पहिल्याच सकाळी आस्गर मला घेऊन बेकरीकडे गेला. तिथे बेकरीच नव्हती. एक कपाट होतं आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीतले पाव होते. घरासमोरच्या बाकावर न्याहारी मांडली. मी शेजारीच उभी होते.

"आई, याला पाव म्हणायचं?" आस्गर म्हणाला. "याने भांडी घासता येतील."

"लोणी जाड लाव," आजी म्हणाल्या. "तुला लहानपणीही काही आवडायचं नाही."

"लहानपणी मला इथला पाव इतका आवडायचा की अर्धा मी वाटेतच खायचो."

"अर्धा? घरी नुसती सालं यायची."

"सिसेल, तू तरी सांग गं हिला."

"मी नाही बोलणार," सिसेल कॉफी ओतत म्हणाली. "मी बोलले की सून बोलली असं होतं. पण पाव ओला आहे."

असंच आठवडाभर चाललं. आस्गर प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचा आणि आजी प्रत्येक गोष्टीची बाजू घ्यायच्या. खरं सांगायचं तर दोघंही थोडे चुकतच होते. आस्गर म्हणायचा, पूर्वी स्वच्छतागृहं लखलखीत असायची. काहीतरीच! थोर्किलच्या काळात तिथे नाक धरून जावं लागायचं. उलट येप्पेने ती नवी बांधली. आजी म्हणायच्या, हंसाच्या होड्या पूर्वीसारख्याच आहेत. त्यातल्या निम्म्या काठाला बांधून ठेवलेल्या होत्या, आणि एका हंसाला मान नव्हती. जुनं ते सगळं चांगलं नव्हतं, आणि नवं ते सगळं वाईट नाही. पण बाग खालावली आहे का असं मला कोणी विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं. मला कोण विचारतो?

मग एका दुपारी वाटेत आस्गर म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात आपण स्पेनला जाऊ. इथे आता घर राखून ठेवायला नको."

आजींची पावलं मंदावली. त्यांचा गुडघा धड नाही, ऊन त्यांना सोसत नाही, आणि विमानात त्या पाऊल ठेवत नाहीत. हे आस्गरला ठाऊक होतं, पण त्या क्षणी त्याला ते आठवलं नसावं. तो पुढे गेल्यावर लिवने विचारलं, "आजी, स्पेनला तू खिडकीत बसशील का मी?"

"तूच बस, सोन्या. मी तुमचे फोटो बघेन."

त्या दिवसापासून आजींनी हारेवांगचं कौतुक आणखीच वाढवलं. ओला पाव त्या मिटक्या मारत खाऊ लागल्या. मला सगळं कळत होतं. बागेला वाईट म्हटलं की आपला आठवडा गेला, असं त्यांना वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या लिवला बाहुल्यांच्या नाटकाला घेऊन गेल्या. गुडघा दुखत होता म्हणून आस्गरने त्यांनाच माझ्यात बसवून दारापर्यंत ओढत आणलं होतं, आणि लिव मागून ढकलत होती. नाटकघरात बाहुल्या नव्हत्या. भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर बाहुल्यांचं जुनं चित्रण फिरून फिरून लागत होतं. समोरच्या बाकाची फळी निखळली होती. बघायला आम्ही सोडून कोणी नव्हतं. खेळ संपताच आजींनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"आजी," लिव म्हणाली, "तू कोणासाठी टाळ्या वाजवतेस? तिथे कोणीच नाहीये."

आजींचे हात तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती. आमच्या पुढे ससा, मागे घुबड. घुबडाचा माणूस गादीच्या नावाने बोटं मोडत होता. आजी माझ्यात, बॅगांच्या ढिगावर बसल्या होत्या. आमची पाळी आली. आस्गरने हात पुढे केला, आणि मित्रांनो, सांगायलाही लाज वाटते, त्याचं बोट सरळ हिरव्या बटणाकडे गेलं!

आजींनी त्याचं मनगट पकडलं. "काय करतोयस?"

"बटण दाबतोय."

"हिरवं?"

"अगं, आता जाता जाता कशाला... बरं दिसत नाही ते."

"आठवडाभर माझं डोकं खाल्लंस, आणि इथे येऊन हिरवं?"

त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी लाल बटण दाबलं. नुसतं दाबलं नाही, चांगलं दाबून धरलं.

येप्पे दारातच होता. तो धावत आला. "काही चुकलं का आमचं?"

"नाही, नाही," आस्गर म्हणाला, "सगळं छान आहे, धन्यव..."

"आस्गर, तू गप्प बस." आजींनी येप्पेकडे बघितलं. "पोरा, तुझी बाग बिघडत चालली आहे. पाव खाण्यासारखा नाही. हंसाला मान नाही. नाटकघरात बाहुल्या नाहीत आणि बसायला धड बाक नाही. कॉफी पूर्वीपासूनच पाणचट आहे, ती राहू दे. मला ही जागा फार आवडते, म्हणून सांगते. आवडली नसती तर हिरवं दाबून गेले असते."

येप्पेचा चेहरा उतरला. "पण सगळे हिरवंच दाबतात. बेकरी महाग पडत होती, म्हणून बंद केली. तरी हिरवंच आलं. मला वाटलं, लोकांना पाव नकोच आहे. मग बाहुल्या बंद केल्या. तरीही हिरवंच. मला कोणीच काही सांगितलं नाही हो."

"सगळ्यांनी सांगितलं," आजी म्हणाल्या. "एकमेकांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, या गाडीच्या दांड्याला सांगितलं. तुला तेवढं सोडून."

रांगेतले सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. येप्पेने घुबडाच्या माणसाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"आमचं? छान," तो म्हणाला. "गादी जरा... नाही, नाही. छानच."

काय करावं या माणसांचं!

आस्गर मला ओढत खिडकीपर्यंत गेला आणि थांबला. त्याची नजर आईच्या गुडघ्याकडे गेली. मग म्हणाला, "आता काय, पुढच्या वर्षी यावंच लागणार."

"का?" आजींनी विचारलं.

"तू त्या बिचाऱ्याला एवढं सुनावलंस. त्याने काय सुधारलं ते बघायला कोणी यायला नको?"

"आणि स्पेन?"

"स्पेन कुठे पळून जात नाही."

"मी आता बोलते," सिसेल म्हणाली. "तेच घर घ्या. पण पाव असाच असला तर तुम्ही मायलेक दोघं मिळून भांडी घासा."

आजींनी खाली उतरायला हात पुढे केला, आणि आस्गरने तो दोन्ही हातांनी धरला.

हंगाम संपत आला तेव्हा येप्पेने तो खांब उखडला आणि आमच्या शेडमध्ये आणून ठेवला. आता तो स्वतः फाटकात उभा राहून विचारतो. लोक "छान" म्हणतात, पण तो हलत नाही, तसाच उभा राहतो. मग अवघडून का होईना, कोणी गादीचं सांगतो, कोणी तळ्याचं. बेकरी पुन्हा सुरू होईल की नाही, मला ठाऊक नाही. हंसाला मात्र मान आली आहे. थोडी वाकडी आहे, पण आहे.

खांब माझ्या शेजारीच आहे. हिरव्या बटणावरचं हसू बोटांनी पुसून गेलं आहे. लाल बटण कालच दुकानातून आणल्यासारखं कोरं आहे.

मित्रांनो, तुमची शाळा असेल, मैदान असेल, वाचनालय असेल, एखादा जिवलग मित्र असेल. त्याचं काही बिघडताना दिसलं तर पाठीमागे कुरकुरू नका आणि तोंडावर गोड हसू नका. समोर उभे राहून, नीट शब्दांत सांगा. आणि सांगून झाल्यावर निघून जाऊ नका. पुन्हा या, बघायला या. ज्याच्याकडे कोणी परत येणार आहे, तोच स्वतःला सुधारायला धजतो. आम्हा गाड्यांना सामान वाहायला आवडतं. तुमची न बोललेली गाऱ्हाणी वाहून मात्र आमची चाकं बसतात.

वसंतात कोणीतरी माझ्या चाकांत हवा भरेल. रागनहिल्ड आजी येतील, पाव हातात घेऊन दाबून बघतील, आणि जे असेल ते तिथल्या तिथे बोलतील. मी वाट बघते आहे.