मुंगळ्यांनी दाखवलेला ब्रेक

सकाळी दहाला आमचा मिनी ट्रॅक्टर शेताच्या वाटेवरच धापा टाकायला लागला. मागं उसाची छोटी ट्रॉली, पुढं सपाट रस्ता, आणि हा पठ्ठ्या असा कण्हतोय की जणू कुणी मागून धरूनच ठेवलंय! त्यात जळकट वास. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इंजिन बंद केलं. मागचं डावं चाक भाजेल इतकं तापलेलं, उजवं मात्र गार.

"डावा ब्रेक धरतोय," आण्णा म्हणाले.

नेमकं आजच! बाराला गुऱ्हाळावर आमची पाळी होती. गुऱ्हाळ बाहुबलीकाकांचं, आणि काका घड्याळाचे पक्के. आण्णांनी ब्रेकचं कळवलं, तर फोनवरच सांगून मोकळे झाले, "बाळासो, बारापतूर ऊस आला तर तुझा गूळ, न्हाईतर मागच्याचा. मग तू पुढच्या आठवड्यात."

तोडलेला ऊस आठवडाभर उन्हात? नुसती चिपाडं उरली असती!

तेवढ्यात आकाराम तात्या आले. आण्णांचे धाकटे भाऊ. आल्या आल्या निकाल: "ब्रेकचं लायनर गेलं. चाक खोलाय लागतंय." लगेच शिरोलीच्या मेस्त्रींना फोन. मेस्त्री म्हणाले, परवा येतो.

"मी बघतो की, आण्णा," मी म्हणाले.

"शाळंत ट्रॅक्टर शिकवत्यात व्हय गं मोना?"

"व्हय तात्या! ऑटोमोबाईल विषय हाय माझा. पहिल्या नंबराचे पेढे सगळ्यात जास्त तुम्हीच खाल्लासा की!"

गेल्या वर्षी मी एवढं तोंड उघडलं नसतं. आण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. "बघ. पण पटपट."

ट्रॉली सोडली, पुढच्या चाकांना दगड लावले, डाव्या बाजूला जॅक. गिअर काढून चाक फिरवलं तर ढिम्म हलेना. मग मी ब्रेकचे पायडल बघितले. दोन असतात, प्रत्येक चाकाला एक. डावा उजव्यापेक्षा चार बोटं खाली! मी तो दोन्ही हातांनी वर ओढला.

"आता फिरवा, आण्णा!"

चाक गरागरा फिरलं!

"लायनर चांगलं हाय, तात्या! पायडलच माघारी येत न्हाय!"

पायडल माघारी ओढणारी स्प्रिंग तुटली असेल म्हणून बघितलं, तर ती ठणठणीत. मग अडकतंय कुठं? मी सरळ खाली आडवी झाले. आणि बघते तर काय, मुंगळ्यांची ही भली मोठी रांग! पायडल ज्या दांड्यावर फिरतो, तिथंच सगळी गर्दी. बोट लावलं. चिकट. वास घेतला, आणि खरं सांगते, जिभेलाही लावलं.

"काकवी!"

"पोरगीनं चाटलं काय ते?" आण्णा ओरडले. "आणि ट्रॅक्टरवर काकवी आली कुठनं?"

तात्या डोकं खाजवत म्हणाले, "परवा माझ्या दीपाच्या सासरी क्यान नेलता. पायापाशी ठेवलता. झाकाण जरा... सैल आसंल."

दोन दिवसांत त्या काकवीवर धूळ बसून नुसता डिंक झाला होता! "आता गरम पाणी तुम्हीच आणा," मी म्हणाले, आणि शेतातल्या ऊसतोडकऱ्यांच्या चुलीकडं तात्या जे पळाले! मी दांड्यावर पाणी ओतत गेले, आण्णा पायडल खालीवर करत राहिले. पाचव्या तांब्याला पायडल खट्टकन वर आला. आपोआप! मी उडीच मारली. पुसून तेल सोडलं, दोन्ही पायडल सारखे झाले. रिकामा ट्रॅक्टर चालवून, थांबवून बघितला, चाक गार होऊ दिलं आणि मगच ट्रॉली जोडली.

चरकात आमचा पहिला ऊस गेला तेव्हा बाराला पाच कमी होते.

"ब्रेक कुणी सोडवला रं?" बाहुबलीकाकांनी विचारलं.

आण्णांनी नुसती मान माझ्याकडं वळवली. तात्या तिकडं फोनवर मेस्त्रींना सांगत होते, "परवा येऊ नकासा. हाय आमच्यात एक."