बाळ आलं की लगेच

जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा चालत्या करायचा, म्हणून सगळे त्याला वाइंडिंगवालाच म्हणत. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार मोजून भरायची, वर वार्निश पाजायचं. या कामात घाई केली की मोटार आठवड्यात परत येते, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. माणूस तसा सावध. धास्ती होती ती एकाच गोष्टीची. धाकट्या बहिणीच्या वेळी त्याची आई बाळंत झाली, बाळ रडलं, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मग रक्त थांबेना. ती गेली. तेव्हा तो दाराशी उभा होता आणि त्याला तिथून हलवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यामुळे बायकोला दिवस गेल्यावर आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंना त्यानं पहिला प्रश्न रक्ताचाच विचारला.

"दवाखान्याची गाडी वेळेवर आली नाही, घरीच बाळंत झाली, तर काय करायचं?"

आठव्या महिन्यात नर्सबाईंनी त्याच्या हातावर तीन गोळ्यांचं पाकीट ठेवलं. खिडकीपाशी रांग लागली होती, मागे कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं.

"बाळ आलं की लगेच द्यायच्या, पाण्याबरोबर. रक्त जाण्याची वाट बघायची नाही. पण आधी पोटावर हात ठेवून बघायचं, आत दुसरं बाळ नाही ना. तशी शंका जरी आली, तरी गोळ्या द्यायच्या नाहीत. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. त्याचं लक्ष पाकिटावर होतं. 'बाळ आलं की लगेच' हे चार शब्द त्यानं घरी येईपर्यंत घोकले.

केंद्रातलं सोनोग्राफीचं मशीन बंद होतं. दोन हेलपाटे झाले, दोन्ही फुकट. पोट मात्र वाढतच होतं. चपला घालायला वाकता येईना तेव्हा बायको हसून म्हणाली, "या बाळानं आत पोटभाडेकरू ठेवलाय वाटतं." तोही हसला.

दिवस भरायला अवकाश होता, तरी एका दुपारी कळा सुरू झाल्या. त्यानं गाडीला फोन लावला. गाडी निघाली, पण पुलाचं काम चाललं होतं, तिला वळसा घालून यायचं होतं. शेजारची मावशी पदर खोचून धावत आली. तिची स्वतःची तीन बाळंतपणं घरीच झाली होती. गाडीच्या आधी बाळ आलं. मुलगी. बारीकशी, पण आवाज खणखणीत. मावशीनं तिला पुसून आईच्या छातीशी दिलं.

त्यानं पाकीट फाडलं.

"अहो, थांबा जरा," बायको म्हणाली. "अजून कळा येतायत. आत काहीतरी हलतंय."

"वार असेल," मावशी म्हणाली. "बाळामागून वार येतेच."

"आधी गिळ, मग बोल," तो म्हणाला आणि पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. तिन्ही गोळ्या तिनं गिळल्या. रक्त फारसं गेलं नव्हतं. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

थोड्या वेळानं कळेला कळ लागायला लागली, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत मिळेना. पोट दगडासारखं झालं. मावशीनं त्यावर हात ठेवला, कुशीकडे नेला आणि तिथंच थांबली.

"हे डोकं लागतंय रे," ती हळूच म्हणाली.

पाकीट अजून त्याच्या मुठीत होतं. गाडी आली तेव्हा कळा थांबल्या होत्या आणि बायको पांढरीफटक पडली होती. तिचा हात हातात घेतला तर तो गार लागला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"दुसरं बाळ आडवं होतं. गोळ्यांनी पिशवी आवळत गेली आणि बाळाला तर वाट नव्हती. शेवटी पिशवी फाटली. ती काढावी लागली."

"आणि बाळ?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तीही मुलगीच होती. बाई वाचतील असं वाटतंय. गोळ्या कुणी दिल्या?"

"मी."

"त्या गोळ्यांनी कितीजणी वाचतात," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "पण आत बाळ असताना नाही."

चौकशी झाली. वाइंडिंगवाल्यानं आरोग्य खात्याच्या साहेबांसमोर उभं राहून सांगितलं, "नर्सबाईंनी सांगितलं होतं. मीच विसरलो. मला फक्त रक्ताचं डोक्यात होतं." साहेबांनी ऐकून घेतलं. मग नर्सबाईंची बदली झाली आणि घरी द्यायच्या गोळ्या केंद्रातून उचलून नेण्यात आल्या.

तो नर्सबाईंकडे गेला तेव्हा त्या खोली आवरत होत्या.

"बाई, चूक माझी. मग इतर बायकांच्या गोळ्या का बंद?"

"ते मला विचारून कुणी ठरवत नाही."

"पण पुलाचं काम संपलेलं नाही. गाडी अजूनही वळसा घालूनच येते."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि कपाट पुसत राहिल्या. थोड्या वेळानं पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी तुमच्याकडून सगळं परत म्हणवून घ्यायला हवं होतं. रांग होती."

बायको घरी आली. मुलीला दूध पाजायची, घास पुढं केला तर खायची. त्यानं एकदा धीर करून विषय काढला. "मला वाटलं, आईसारखं तुझं..."

"मी थांबा म्हटलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "माझ्याच पोटातलं मी सांगत होते."



पुढच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतला सुतार दुकानात आला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि जाता जाता म्हणाला, "त्या गोळ्या, रक्त थांबवायच्या... कुठं मिळतील का रे? केंद्रात नाही म्हणाले."

वाइंडिंगवाल्यानं हातातली तार खाली ठेवली.

"नाही मिळत आता," तो म्हणाला. "तू तिला आधीच मोठ्या दवाखान्याजवळ नेऊन ठेव."

"तिथं आमचं कोण आहे?"

वाइंडिंगवाल्यानं तार पुन्हा उचलली. सुतार उन्हातून चालता झाला.