रजा नाही

नांदेडच्या पत्र्याच्या थिएटरात, जनान्याच्या पडद्याआड, त्या दुपारी सदतीस बायका होत्या, नऊ लेकरं आणि एक पंखा, तोही बंद. साल फसली तेराशे सेहेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस. खेळ इराणी बोलपटाचा. बायकांना फारसी कळणार कशी, म्हणून मॅनेजरनं श्रीपादला जनान्याच्या पडद्याला बाहेरून पाठ लावून स्टुलावर बसवलं होतं. तो हैदराबादेहून नुकताच बी.एस्सी. होऊन आलेला, फारसी शाळेपासून शिकलेला. नटी बोलली की तो मोठ्यानं मराठीत सांगायचा.

पाठीमागे त्याची बहीण सौदामिनी बसली होती, सोळा वर्षांची. दुसऱ्या दिवशी लातूरचे पाहुणे तिची सुपारी फोडायला येणार होते. नवरा बिजवर, वय चाळीस. तो तिला नको होता, हे घरात एकट्या श्रीपादला ठाऊक होतं. वडील, रेणुकादासराव, पुढच्याच बाकावर होते.

बोलपटातल्या पोरीचंही लग्न म्हाताऱ्याशी ठरलं. काझीनं तिला विचारलं, कबूल आहे का?

"इचारतेत तरी," आडोशातून जगदेवीमावशी म्हणाली. "आमचा अंतरपाट सरला अन् समोर नुसत्या मिशाच दिसल्या." बायका खुसखुसल्या.

पोरीनं मान वर केली. म्हणाली, "रज़ा न-दारम."

फारसीत रज़ा म्हणजे राजीखुशी. 'मला मान्य नाही' हे शब्द श्रीपादच्या ओठांवर आले. तेवढ्यात रेणुकादासरावांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आपल्याकडे रजा म्हणजे परवानगी. शब्द तर तोच होता. कुणी खोटं म्हणू शकलं नसतं.

"मला रजा नाही," त्यानं सांगितलं.

तिकडे चित्रात पोरगी उठली आणि दार उघडून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुपारी हातात घेऊन नवऱ्याच्या थोरल्या भावानं रीत म्हणून हसत विचारलं, मुलीचं काही म्हणणं आहे का? सौदामिनीनं मान वर केली.

"मला रजा नाही," ती स्पष्ट म्हणाली.

पाहुणे खूश झाले. वडिलांच्या परवानगीशिवाय तोंड उघडत नाही, असं वळण हल्ली कुठं बघायला मिळतं, म्हणाले आणि सुपारी फोडली. श्रीपाद पानाचं तबक धरून उभा होता. त्यानं ते पाहुण्यांपुढे केलं.

सगळे पांगल्यावर ती त्याच्याजवळ आली. "दादा, तिनं म्हटलं तेच मी म्हटलं. तिला जाऊ दिलं. माझं काय चुकलं?"

खाली बघत त्यानं सांगितलं की चूक त्याची, शब्द भलताच गेला. बोलपटातलं पुढचं वाक्य लगेच आलं, विचार करायला वेळच मिळाला नाही, असं म्हणाला. मग खरा शब्द काय होता, तिनं विचारलं. त्यानं सांगितला. तिनं तो एकदा स्वतःशी म्हणून पाहिला आणि चहाचे कप उचलायला गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो कॉलेजातलं सेकंदकाट्याचं घड्याळ खिशात घालून पुन्हा खेळाला गेला. पोरीनं मान वर केली, ते दोन शब्द म्हणाली. त्यानं काट्यावर नजर ठेवली.

पुढचं वाक्य अकरा सेकंदांनी आलं.