दुरुस्तीला टाकलेलं रिव्हॉल्व्हर

"हे खेळणं उचल माझ्यासमोरून," ऑर्विल म्हणाला आणि मी मांडलेलं पिस्तूल त्यानं दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "प्लॅस्टिक आहे हे. नातीला काय कंगवा द्यायचाय मला?"

"शहरातले पोलीस हेच वापरतात."

"मग त्यांच्या नातींना दे."

मी ते परत काचेच्या कपाटात ठेवलं. ऑर्विल टॅकेटचा सगळा जन्म आमच्या कोळशाच्या खोऱ्यात टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेला. आता गुडघे वाकत नाहीत आणि मानही वाकत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. आज मात्र तो माझं बंदुकांचं दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होता, दाढी करून, सदऱ्याचं वरचं बटण लावून. दुपारपर्यंत त्याची नुकतीच एकवीस वर्षांची झालेली नात टेसा येणार होती. बापाचं रिव्हॉल्व्हर न्यायला. आणि ते रिव्हॉल्व्हर माझ्याकडे नव्हतं. कुणाकडेच नव्हतं.

टॅकेटांच्या घरात एक रीत होती. ऑर्विलच्या आजोबानं खाणीतल्या कमाईतून एक पोलादी रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. थोरलं मूल एकवीस वर्षांचं झालं की ते त्याच्या हवाली व्हायचं. ऑर्विलकडून ते त्याच्या मुलाला, टेसाच्या बापाला, लॉनीला मिळालं. पुढे तीनच वर्षांनी एका हिवाळ्यात लॉनीचा ट्रक बर्फावरून घसरून नदीत गेला. शवपेटी बंद करायच्या आधी ऑर्विल पुढे झाला आणि त्यानं ते रिव्हॉल्व्हर पोराच्या शेजारी ठेवलं. पेटीला खांदा देणाऱ्यांत मी होतो. कुणी त्याला अडवलं नाही. अशा वेळी बापाला कोण शिकवणार? टेसा तेव्हा रांगत होती. ती एक दिवस मोठी होऊन ते मागेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिच्या आईनं वर्षभरात लॉनीचे कपडेलत्ते वाटून टाकले, लेक्सिंग्टन शहरात जाऊन दुसरं लग्न केलं आणि त्याचं नाव घेणं सोडलं. मी तिला दोष देत नाही. पण गेल्या नाताळात पोरीनं आजोबाला विचारलं, "डॅडींचं रिव्हॉल्व्हर आता माझं ना, पपॉ?" आणि ऑर्विलनं, ज्यानं आयुष्यात कुणाला फसवलं नाही त्यानं, सांगून टाकलं की ते लॉनी गेल्यापासून क्लेटनकडे दुरुस्तीला टाकलंय. क्लेटन म्हणजे मी. मला हे कळलं या आठवड्यात.

"इतक्या वर्षांत मी रेल्वेचं इंजिन बांधलं असतं," मी म्हणालो. "खोटं बोलायचं तर निदान पटेलसं बोलायचं."

"तोंडाला आलं ते बोललो. तू टोचू नकोस आता."

मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती. मी मागच्या कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर काढलं. डोंगरापलीकडच्या एका विधवेनं नवऱ्यामागे विकलेलं. त्याच बनावटीचं, त्याच काळातलं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, चामड्याच्या म्यानात घासून नळीच्या टोकाचा निळा रंग उडालेला.

"हुबेहूब आहे," मी म्हणालो. "तिनं मूळचं कधी पाहिलं नाही. मी तोंड उघडणार नाही."

खरं सांगतो, मला त्यात काही पाप वाटत नव्हतं. पोरीला बापाची वस्तू मिळेल आणि म्हाताऱ्याला झोप लागेल, एवढाच माझा हिशेब.

ऑर्विलनं ते हातात घेतलं. बराच वेळ घेऊन उभा राहिला. त्याचा चेहरा इतका सैल पडला की मला वाटलं, जमलं. मग त्याचा अंगठा मुठीवर एका जागी थांबला. तिथलं लाकूड झिजून खळगा पडला होता.

"हा कुणाचा अंगठा?"

"कुणाचा का असेना. मेलाय तो."

"ती रोज इथे अंगठा ठेवेल, क्लेट. बापाचा म्हणून." त्यानं ते फडक्यावर ठेवलं. "नवं दाखव. पण पोलादी."

मी तीन काढली. न गंजणाऱ्या चकचकीत पोलादाचं त्यानं बघितलंही नाही. निळसर पोलादाचं एक जड रिव्हॉल्व्हर त्यानं उचललं, कानाजवळ नेऊन त्याचं गोळ्यांचं चक्र फिरवलं आणि नीट ऐकलं.

"किती टिकेल?"

"तेलाचं बोट फिरवत राहिली तर तिची नात म्हातारी होईपर्यंत."

"हेच," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

टेसा आली. उंच, हडकुळी, गोदामातल्या कामाचं जाकीट तसंच अंगात. तिनं आजोबाला मिठी मारली, मला "नमस्कार, मिस्टर क्लेटन" म्हणाली आणि तिची नजर काचेवरच्या नव्या रिव्हॉल्व्हरवर गेली.

"हेच का डॅडींचं?" मग जवळ वाकून, "एवढं नवं केलंत?"

मी खाली बघत फडक्याची घडी घालू लागलो.

"नाही," ऑर्विल म्हणाला. "तुझ्या बापाचं मी त्याच्याबरोबर पुरलं. दुरुस्तीचं खोटं होतं."

ती स्टुलावर बसली. "मला त्यांची एकच वस्तू मिळणार होती, पपॉ."

"माहीत आहे."

"मग का पुरलंत?"

"त्याला मोकळ्या हातानं पाठवणं जिवावर आलं. तुझा विचारच केला नाही मी. बस, एवढंच आहे."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. बाहेर कोळशाची मालगाडी लांबच लांब जात राहिली.

"कुठल्या हाताशी ठेवलं होतं?" तिनं विचारलं.

"डाव्या. डावखुरा होता तो." ऑर्विल थांबला. "आईनं सांगितलं नाही?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मी नव्या रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून ते रिकामं असल्याचं तिला दाखवलं, बंद केलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं ते उजव्या हातात घेतलं, मग डाव्या हातात बदललं. चक्र उघडायचा खटका उजव्या हाताच्या लोकांसाठी केलेला असतो. डाव्या हाताला तो सापडत नाही. तिचा अंगठा मागून फिरला, घसरला, परत फिरला.

"तोही अस्साच अडखळायचा," ऑर्विल म्हणाला. "शिव्या घालायचा."

"कुठल्या?"

त्यानं सांगितल्या. टेसानं त्या हळू आवाजात म्हणून बघितल्या आणि पुन्हा खटका शोधू लागली. उजवा हात तिनं जाकिटाच्या खिशात घातला होता. आम्ही दोघे म्हातारे बघत राहिलो आणि कुणीही तिला मदत केली नाही.