एक जूनची माणसं

"काका, तुमचा लूप चुकला. एकच तारीख पुन्हा पुन्हा लिस्टमध्ये येऊन राह्यली," मोनिका म्हणाली.

ओमप्रकाशने चष्मा कपाळावर सरकवला. साखर कारखान्याच्या संगणक विभागात त्याचे केस पांढरे झाले होते. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र तो या नव्या पोरीच्या नादाने अलीकडेच शिकला होता. कामही साधंच होतं. डेटाबेसमधून कामगारांच्या जन्मतारखा काढायच्या, जावाच्या लिस्टमध्ये भरायच्या आणि ज्याच्या त्याच्या दिवशी मोबाइलवर कारखान्याच्या शुभेच्छा धाडायच्या. पण लिस्ट स्क्रीनवर आणली तर काय, एक जून, एक जून, एक जून!

दोघांनी दुपारपर्यंत कोड पिंजून काढला. शेवटी ओमप्रकाशने तारखेशेजारी नावंही घेतली. तातेराव, एक जून. कारभारी, एक जून. तो स्वतः, एक जून. त्याला एकदम हसू फुटलं.

"अगं, कोड बराबर हाय! ह्या समद्या गुरुजीनं टाकलेल्या तारखा!"

शाळेत नाव घालायला आई, बायनाबाई, त्याला ओढतच घेऊन गेली होती. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला. हात पोचला, म्हणजे पोरगं सहा वर्षांचं झालं. जन्मतारीख कोणाला ठाऊक? गुरुजींनी बिनदिक्कत एक जून लिहून टाकली, आणि आईने खूश होऊन पदराला बांधलेले फुटाणे त्यांच्या टेबलावर सोडले. काय ती माणसं, काय तो काळ! ओमप्रकाशचा जीव त्या शाळेच्या ओसरीतच घुटमळला.

"मंग खऱ्या तारखा विचारा की सगळ्यायला," मोनिका म्हणाली.

आठवडाभर माणसं येत राहिली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाल्तो, माय म्हन्ती. बैलायच्या शिंगाचा रंग बी गेला नव्हता," वजनकाट्यावरचा तातेराव सांगून गेला. कारभारी धुळवडीचा निघाला. मोनिका जुन्या पंचांगात बघून तारखा बदलत होती.

"काका, तुमची?"

ओमप्रकाशची आई यंदाच्या संक्रांतीत गेली. जन्मभर तिच्याशी बोलला, पण एवढं विचारायचं राहूनच गेलं. आता सांगणारं एकच माणूस उरलं होतं, आईची बहीण, कुंभार पिंपळगावची झुंबरमावशी. आईच्या मातीला आली तेव्हा हंबरडा फोडून रडली होती. त्याने लगेच फोन लावला.

"मावशे, मी ओम. मी कव्हा झाल्तो गं? काही ध्यानात हाय का?"

"मला कुठलं ध्यानात ऱ्हातंय, लेकरा?" मावशीचा थकलेला आवाज आला. "तुझ्या मायला इचार की. बायनाला समदं बराबर मालूम असतंय."

ओमप्रकाशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं मावशे," तो म्हणाला. "इचारतो."

फोन ठेवून त्याने मोनिकाकडे न बघताच सांगितलं, "माझी ऱ्हाऊ दे तशीच."

तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. तारखा आता वर्षभर पसरल्या होत्या. एक जूनला तो एकटाच उरला होता.